लाळ गाळणारा, दाट केसांचा कुत्रा आणि ठाण्याचा पावसाळा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून लागला की घोडबंदर रोडच्या आमच्या ग्रूमिंगच्या दुकानात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "परवाच आंघोळ घातली, तरी वास येतोय. सुवासाचा एखादा शाम्पू आहे का?" असे शाम्पू मिळतात, पण आम्ही ते आधी हातात देत नाही. सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड किंवा अगदी आपला नेहमीचा गोल्डन रिट्रीव्हर, यांच्या अंगाचा वास बहुतेक वेळा मळाचा नसतो, ओलीचा असतो. केस मुळापर्यंत सुकले नाहीत, तर आंघोळीनेच वास वाढतो. म्हणून या पत्रकात आंघोळीपेक्षा सुकवण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

ओल कुठे लपते

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस पाणी ओघळून टाकतात. खाली मऊ, दाट लोकर असते, तिला अंडरकोट म्हणतात. पाणी एकदा त्या लोकरीत शिरलं की सहज बाहेर येत नाही. वरून हात फिरवला तर कुत्रा कोरडा लागतो, पण आत कातडी तासन् तास दमट राहते. त्या उबेत कातडीवरचे जिवाणू आणि यीस्ट फोफावतात, आणि तो कुबट वास त्यांचा असतो. ज्या हवेत डब्यातला पापड मऊ पडतो, त्या हवेत एवढे केस आपोआप सुकतील ही आशाच सोडा.

सेंट बर्नार्डची एक गोष्ट आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. आल्प्समध्ये २,४६९ मीटर उंचीवरच्या खिंडीतल्या मठात हे कुत्रे वाढले, आणि तिथले मूळचे कुत्रे आखूड केसांचे होते. १९व्या शतकात न्यूफाउंडलंडशी संकर झाल्यावर लांब केस आले. त्या केसांत बर्फ अडकून कुत्रे जड व्हायला लागले, आणि बर्फातल्या मदतीच्या कामाला ते निरुपयोगी ठरले. जिथे ही जात घडली तिथेही लांब केसांत ओल अडकण्याचा त्रास झालाच. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं.

लाळ आणि लाळेरं

लाळ गळते ती ओठांच्या ठेवणीमुळे. वरचे ओठ सैल आणि लोंबते असले की लाळ तोंडात थांबत नाही. ती बंद करणारं औषध मागू नका, निरोगी कुत्र्याला त्याची गरज नसते. ताज्या लाळेला फारसा वासही नसतो. ती हनुवटीखालच्या आणि छातीवरच्या केसांत मुरते, तिच्यात खाण्याचे कण मिसळतात आणि मग आंबूस वास सुटतो. पांढऱ्या केसांवर पडणारे तांबूस डागही लाळेतल्या रंगद्रव्याचे असतात, ती घाण नसते.

यावर आमचा उपाय घरगुती आहे: तान्ह्या बाळाला बांधतो तसं सुती लाळेरं. पाच-सहा शिवून घ्या आणि ओलं झालं की लगेच बदला. ओलं लाळेरं गळ्यात तसंच ठेवण्यापेक्षा न बांधलेलं बरं. दोन बोटं आत जातील इतकं सैल बांधा. रात्री आणि कुत्रा एकटा असताना काढून ठेवा, कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पुसायला जाड टर्किश टॉवेलपेक्षा पंचा उत्तम. तो पाणी पटकन ओढतो आणि पावसाळ्यातही पंख्याखाली वाळतो. एक दाराशी, एक पाण्याच्या भांड्याजवळ, एक फिरायला जाताना खांद्यावर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरण्याआधी तोंड पुसलं की शेजाऱ्यांशी संबंधही बरे राहतात. पुसताना घासू नका, दाबून टिपा. घासल्याने केसांत गाठी होतात, आणि प्रत्येक गाठ ओल धरून ठेवते.

लाळ समजून आपण जे पुसतो, त्यातलं बरंचसं नुसतं पिण्याचं पाणी असतं. भांडं अर्धंच भरा. दहीभात खाल्ल्यावर ओठांच्या घडीत शितं राहतात आणि तिथेच आंबतात, म्हणून जेवणानंतर ओठ उचलून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने आतून पुसा आणि लगेच कोरडं करा. हे रोजचं एक मिनिटाचं काम महिन्याच्या आंघोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आंघोळ आणि मुख्य म्हणजे त्यानंतर

पावसाळ्यात महिन्यातून एकदा आंघोळ पुरते. आधी पूर्ण विंचरा, कारण भिजलेली गाठ आवळत जाते. माणसांचा शाम्पू वापरू नका, कुत्र्याच्या कातडीचा सामू (पीएच) वेगळा असतो. शाम्पूचा अंश उरला तर खाज सुटते, म्हणून पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवा.

मग हातांनी केस पिळून काढा, पंच्याने टिपा, आणि ब्लोअर लावा: हवा थंड किंवा जेमतेम कोमट, आणि हात सतत फिरता. घरचा हेअर ड्रायर गरमवर ठेवून एकाच जागी धरला तर कातडी भाजते. बोटांनी केसांची वाट पाडत कातडी दिसेपर्यंत हवा आत जाऊ द्या. आमच्याकडे सेंट बर्नार्ड सुकवायला धुण्याच्या दुप्पट वेळ जातो. घरी एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवलेल्या खोलीत हे काम करा, फरक दिसेल.

सुकलं का हे बोटांची मागची बाजू कातडीला लावून बघा. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली गार लागलं तर काम अर्धवट आहे. पट्टा तर हमखास विसरला जातो. कोलशेतच्या एका ग्राहकांनी तीन शाम्पू बदलले, आणि वास शेवटी ओला राहून कुबटलेल्या नायलॉनच्या पट्ट्याचा निघाला. दोन पट्टे ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

उन्हाळ्यात किंवा वासाला कंटाळून सगळे केस मुळापासून काढायला सांगू नका. दोन थरांचे केस उन्हापासूनही राखण करतात आणि नंतर नीट वाढतीलच असं नाही. पोटाखालचे, पंजांमधले आणि हनुवटीखालचे केस मात्र आम्ही जरूर आखूड करतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, बाळाला देतो तशी धुरी द्यावी. भावना चांगली आहे, पण कुत्र्याच्या नाकाला आणि फुफ्फुसांना धूर सोसत नाही. डिओ, टी ट्री तेल आणि कुत्रा बसतो तिथे फिनेल हेही नको. अंगावरचं सगळं चाटून त्याच्या पोटात जातं.

येऊर, उपवनाहून आल्यावर

डबक्यातून चालला असेल तर पाय आणि पोट स्वच्छ पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, कानांच्या आत आणि मागे गोचीड शोधा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, त्याच्या लसीचं डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे

केसांखाली लाल, ओलसर, दुखरा चट्टा दिसला तर तो काही तासांत पसरतो. कानातून घाण वास येत असेल आणि कुत्रा डोकं झटकत असेल, तोंडाला सडका वास असेल, किंवा शेपटीखालून माशांसारखा वास येत असेल, तर शाम्पूने काही होणार नाही.

लाळ नेहमीपेक्षा एकाएकी वाढली तर दुर्लक्ष करू नका. पोट फुगलंय, कुत्रा उलटीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी निघा. मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो आणि हाती तासच असतात. घट्ट लाळ, जोरात धाप आणि लडखडणं ही उष्माघाताची खूण आहे. गिळता येत नसेल तर तोंडात हात घालू नका. रेबीजचीही शक्यता असते.

आमच्याकडे आणताना घरून आंघोळ घालून आणू नका, ओल्या गाठी सोडवताना कुत्र्याला दुखतं. पावसाळ्यात आम्ही सकाळी एक आणि दुपारी एक असे दोनच लांब केसांचे कुत्रे घेतो, म्हणून वेळ आधी ठरवा. आणि घरचा एक वापरलेला पंचा बरोबर द्या. ब्लोअरच्या आवाजाला बिचकलेला कुत्रा घरच्या वासाने शांत उभा राहतो.