लोअर परळचा वीकेंड आला कुठून: थोडी पार्श्वभूमी

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कुठे भेटायचं असा मेसेज ग्रुपवर पडला की निम्म्या वेळा उत्तर लोअर परळ असतं. कुणाचं ऑफिसच तिथे असतं, कुणाला सेंट्रलने यायचं असतं तर कुणाला वेस्टर्नने, आणि दोन्ही लाइनवरून चालत जाता येईल अशी मुंबईत फार ठिकाणं नाहीत. त्यामुळे पंचविशीतली पोरंपोरी पगार झाल्यावर जिथे बसतात ती जागा बहुतेक वेळा जुन्या गिरणीच्या कंपाउंडमधेच असते. याला आपण सोय म्हणतो आणि ती सोय आहेच, पण तिच्यामागे जमिनीचा एक नियम आणि त्या नियमात २००१ मधे झालेला एक बदल आहे, त्याबद्दल मुख्यतः लिहितोय.

त्याआधीचं थोडक्यात. या भागात गिरण्या चालू होत्या तेव्हाही लोक कामावरून सुटल्यावर एकत्र जमायचेच, फक्त त्याला आउटिंग म्हणत नव्हते. तालमी होत्या, भजनी मंडळं होती, गावकीच्या खोल्या होत्या, परळला दामोदर हॉलमधे नाटकं, लालबागला हनुमान थिएटरचा तमाशा आणि भारतमाताला मराठी सिनेमा. खाणावळीत जेवणारा माणूस एकटा जेवत नव्हता. पांढरपेशांचं जग वेगळं, इराण्याकडे चहा, दादरला शिवाजी मंदिरात नाटक, चौपाटी, फोर्टातल्या नोकरदारांसाठी काळा घोडा आणि १९६४ पासून जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे कॅफे, जे २०१५ ला बंद झालं. दारूचं म्हणाल तर १९४९ च्या कायद्याने बंदीच आणली होती, पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल झाली पण कायदा तोच राहिला, म्हणून आजही प्यायला परमिट लागतं आणि हार्ड लिकरसाठी वयाची अट पंचवीस आहे. म्हणजे कॉलेज संपवून बावीसाव्या वर्षी नोकरीला लागलेला मुलगा पहिली तीन वर्षं टीमबरोबर बाहेर गेला तरी कायद्याप्रमाणे त्याला बिअरवरच थांबायला हवं.

१८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप सगळ्यांना माहीत आहे, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यात सुमारे ६०० एकर जमीन अडकून पडली.

आता मुख्य मुद्दा. १९९१ मधे शहरासाठी जी नवी विकास नियंत्रण नियमावली आली तिच्यात गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ नंबरचा नियम होता. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन पालिकेला मैदानं, बागा वगैरे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी आणि उरलेली मालकाला, त्याने ती विकसित करावी. टक्के प्लॉटच्या आकाराप्रमाणे थोडे बदलायचे, म्हणजे पाच हेक्टरपर्यंत मालकाला ४० टक्के आणि दहा हेक्टरच्या वर गेलं की ३०, पण मोकळ्या जागेचे ३३ टक्के मात्र सगळ्यांना सारखेच. ६०० एकरचा तिसरा हिस्सा म्हणजे २०० एकर झाले. मध्य मुंबईत २०० एकर मैदानं आणि बागा! ओव्हल मैदान साधारण २२ एकर आहे, म्हणजे तशी आठ-नऊ मैदानं वरळी, परळ, लालबाग, भायखळ्यात मिळून झाली असती.

पण नियमात एक वाट सुरुवातीपासून ठेवलेली होती. जुनं बांधकाम पाडलं तर जमिनीचे हिस्से करायचे, पण जुन्या शेडमधेच मर्यादेत राहून वेगळा वापर सुरू केला तर जमीन द्यायला लागत नव्हती. मग मालकांनी पाडायचं कशाला? नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या शेडमधे आधी जाहिरात एजन्सी, टीव्ही चॅनेलवाले आणि बँकांची बॅक ऑफिसं आली, कारण नरिमन पॉइंटचं भाडं परवडत नव्हतं आणि इथे उंच छताच्या भल्यामोठ्या जागा रिकाम्या होत्या. पाठोपाठ ऑफिसच्या लोकांना खायला-प्यायला लागतं म्हणून रेस्टॉरंट, बार, फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदीच्या शेवटी बोलिंग आणि डिस्को. आज आपल्याला विटांच्या भिंती, लोखंडी खांब आणि काचेची तिरकी छपरं असलेला पब म्हणजे काहीतरी खास लुक वाटतो, तो लुक कुठल्या डिझायनरने शोधून काढलेला नाही, शेड न पाडण्यात मालकाचा फायदा होता म्हणून ती शेड वाचली आणि तिच्यात टेबलं लागली. ज्याने मुंबईत पहिला वीकेंड काढला तो माणूस नकळत ५८ नंबरच्या नियमातल्या पळवाटेत बसलेला होता असं मला खरंच वाटतं.

मग २००१ चा बदल. दहा वर्षात फार थोड्या मालकांनी पुढे येऊन जमीन दिली, कामगारांची देणी थकलेली, आजारी गिरण्या ना धड चालत होत्या ना विकल्या जात होत्या, तेव्हा मालकांना जास्त मोकळीक दिली तर पैसा उभा राहील आणि त्यातून देणी भागतील, असं सरकारचं म्हणणं होतं. हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, अनेक कामगारांची कुटुंबं तेव्हा वीस वर्षं थांबलेली होती. पण बदल जो केला तो एका व्याख्येत. मोकळी जमीन म्हणजे फक्त जिच्यावर आधीपासून बांधकाम नाही तेवढीच, शेड पाडल्यावर जी मोकळी होईल ती हिशोबात धरायची नाही. आता गिरणी बघितलेल्या कुणालाही विचारा, तिच्या कंपाउंडमधे बांधकाम नसलेली जागा किती असते? चिमणीजवळचं अंगण, तळं, गाड्या वळवायची जागा, बास. म्हणजे हिस्से तेच राहिले, तीन भागच करायचे, पण वाटायचा डाव एवढासा झाला. नियम रद्द केला असता तर आरडाओरडा झाला असता, व्याख्या बदलली तेव्हा कित्येकांना बरीच वर्षं पत्ताही लागला नाही.

२००५ मधे केंद्राच्या ताब्यातल्या पाच गिरण्या विकल्या गेल्या तेव्हा मात्र सगळ्यांचे डोळे उघडले, एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलचे ७०२ कोटी आले आणि पाचांचे मिळून दोन हजार कोटींच्या वर. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात पाणी मुरायला जागाच नाही हे सगळ्यांनी गुडघाभर, कमरेभर पाण्यातून चालताना बघितलं. २००१ च्या बदलाविरुद्ध जनहित याचिका आधीच दाखल होती. ऑक्टोबर २००५ मधे हायकोर्टाने याचिकेच्या बाजूने निकाल दिला की शेड पाडून जी जमीन मोकळी होते तीही मोजायची. पाचच महिन्यांनी, मार्च २००६ मधे, सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि २००१ चा अर्थ कायम राहिला. कोर्टाने कायद्याच्या भाषेत जे बघायचं ते बघितलं असेल, पण या शहरात तरुण माणसाने संध्याकाळी पैसे न देता कुठे बसायचं याचा निकालही त्याच दिवशी लागला असं मी मानतो, आणि या विषयावर बोलताना मला तटस्थ राहणं जमत नाही.

कारण त्यानंतर जे उभं राहिलं त्यात टॉवर, ऑफिसं, मॉल सगळं आहे पण नुसतं बसायला काही नाही. मैत्रिणीबरोबर तासभर बोलायचं आहे, कॉफी घ्या. पावसात थांबायचं आहे, मॉलमधे शिरा. गेटवर बॅग तपासणार, आत गेल्यावर बाकावर फार वेळ बसलं तर सिक्युरिटीवाला येऊन उभा राहणार. बाहेर जाणं आणि खर्च करणं या दोन गोष्टी आधी वेगळ्या होत्या, या वीस वर्षांत त्या एकच झाल्या. याची सुरुवात जवळच दिसली होती, १९९९ मधे हाजी अलीजवळ जो मोठा मॉल उघडला तिथे सुरुवातीला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा नाहीतर आत जायची फी भरा असा नियम होता, तेव्हा मोबाइल कुणाकडे असायचा हे आठवून बघा. लोक चिडले आणि तो नियम गेला. आता गेटवर कुणी कार्ड मागत नाही, टेबलच्या मिनिमम ऑर्डरमधे तेच काम होतं. नवीन नोकरीला लागलेली, पीजीत राहणारी, गावी पैसे पाठवणारी मुलं महिन्यातून एखादा प्लॅन तब्येतीचं कारण सांगून टाळतात ते बिल स्प्लिट होणार म्हणून, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही.

कामगारांचं काय झालं तेही याच गोष्टीत येतं. घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आले, त्यांच्यासाठी पहिली मोठी लॉटरी २०१२ मधे निघाली, आणि पुढे काहींच्या वाट्याला पनवेलजवळच्या कोन गावातली घरं आली. ज्या जमिनीवर बापाने तीन पाळ्या केल्या तिथे मुलगा वॅले पार्किंगला उभा आहे असं चित्र रंगवून सांगतात, मला ते फार सोपं वाटतं, कारण त्याच घरांतली कितीतरी मुलंमुली तिथल्याच ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसतात आणि शुक्रवारी तिथेच पार्टीला जातात.

२०१७ हे वर्ष या भागासाठी वाईट होतं. २९ सप्टेंबरला परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन किमान २३ माणसं गेली. पूल जुना, अरुंद, आणि त्याच्यावर सकाळी उतरणारी गर्दी नव्या टॉवरमधल्या ऑफिसांची. जमिनीवर किती मजले चढवायचे याची चर्चा पंधरा वर्षं चालली, तेवढी माणसं जिन्यावरून उतरणार कशी याची झाली नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर लगेच, कमला मिलच्या कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले. वाढदिवस साजरा करायला आलेली मुलं होती त्यांच्यात. काहीजण बाथरूममधे अडकून धुराने गुदमरले. गच्चीवरच्या हॉटेलांना परवानगी देणारं धोरण त्याच नोव्हेंबरमधे पालिकेत मंजूर झालं होतं. आगीनंतर महिनाभर हातोडे चालले, ताडपत्र्या आणि बांबूची छतं उतरवली गेली, नंतर एकेक जागा परत सुरू झाली. आपण पबमधे शिरताना गाणी आणि ऑफर बघतो, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे तेही बघायला हवं, एवढं मी प्रत्येक ग्रुपमधे सांगत असतो.

याच डिसेंबरच्या १९ तारखेला दुकानं आणि आस्थापनांचा नवा राज्य कायदा लागू झाला होता, ज्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली. त्यात बायकांच्या रात्रीच्या कामाचंही ठरलं, रात्री साडेनऊपर्यंत सरसकट आणि त्यापुढे तिची संमती आणि संरक्षणाची, घरी सोडायची सोय असेल तर. बीपीओच्या काळापासून कॅबने रात्री घरी येणाऱ्या मुली होत्याच, कायदा उशिरा पोचला. पण रात्री अकराला रस्त्यावर बाई दिसणं ही गोष्ट साधी झाली ती या नोकऱ्यांमुळे, आणि आउटिंगला मुलींचा ग्रुप स्वतंत्रपणे निघायला लागला त्याचं मूळही इथेच आहे, पबच्या लेडीज नाइटमधे नाही.

मात्र परमिट रूम, बार यांना चोवीस तासातून वगळून रात्री दीडची वेळ ठेवली गेली. जानेवारी २०२० मधे मुंबई ट्वेंटी फोर सेव्हनचा निर्णय आला, घरं नसलेल्या, गेटबंद जागांमधले मॉल, खाण्याची ठिकाणं रात्रभर चालू ठेवता येतील असा, २७ जानेवारीपासून. त्यातही गिरण्यांची कंपाउंडंच आघाडीवर, कारण गेटबंद आणि घरं नसलेली जागा दुसरी कुठली? दोन महिने पूर्ण व्हायच्या आत लॉकडाऊन लागला. ऑक्टोबर २०२५ मधे सरकारने पुन्हा आदेश काढून सांगितलं की दारू विकणारी ठिकाणं सोडून बाकी दुकानं, हॉटेलं चोवीस तास चालू शकतात, म्हणजे आठ वर्षं जुन्या कायद्यात जे होतं तेच, पण पोलीस अकरा-बाराला शटर खाली करायला लावतात अशा तक्रारी येत राहिल्या म्हणून.

वाहतुकीची गाडी मात्र या सगळ्यात मागे राहिली. शेवटची लोकल एकच्या आसपास आणि पहिली चारच्या सुमारास. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मधे पार कफ परेडपर्यंत गेली, वरळीत स्टेशनं झाली, दिवसा खूप सोय आहे, पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. बार दीडला बंद, तेव्हा डोंबिवली, विरार, कल्याणच्या मुलांपुढे दोनच पर्याय, साडेबाराला उठून स्टेशनकडे पळायचं नाहीतर कॅबवाला मागेल ते द्यायचं. म्हणून ग्रुपमधे दादर-माहीमला राहणारा एक मित्र प्रत्येकाला लागतो, आणि रात्री उशिरापर्यंत थांबायचं की नाही हे त्याच्या घरी किती गाद्या आहेत त्यावर ठरतं.