गेम मास्टरचा विवेकाधिकार आणि पात्राची कौशल्ये

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. उरलेले सगळे जग, म्हणजे किल्ला, पहारेकरी, पाऊसपाणी, वाटेतले दरोडेखोर, हे गेम मास्टर (जीएम) सांभाळतो. कुलूप उघडणे, दबकत चालणे, बोलून पटवणे यांपैकी पात्राला काय किती येते हे कॅरेक्टर शीटवर आकड्यांत लिहिलेले असते. ते आकडे केव्हा आणि किती वेळा लावायचे, समोरचे काम किती अवघड धरायचे, हे ठरवण्याची मुभा म्हणजे जीएमचा विवेकाधिकार. भांडणे बहुधा फासा पडल्यावर होतात, पण निकालाचा मोठा भाग फासा हातात घेण्याआधीच ठरून गेलेला असतो.

हा पेच रोलप्लेइंगपेक्षा जुना आहे. प्रशियात राइसविट्झ याने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ नियम, कोष्टके आणि फाशांसह छापला. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने ती कोष्टके बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोपवावा, अशी बाजू मांडली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये कौशल्यांची यादीच नव्हती. काय करतो ते खेळाडूने सांगायचे, जमले की नाही ते पंचाने. १९७५ च्या पुरवणीत चोर हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, आला आणि त्याच्या कुलूप उघडण्याला, लपण्याला टक्केवारी मिळाली. त्यातून एक उलटाच परिणाम झाला. चोराला लपता येते असे छापल्याबरोबर इतरांना ते येत नाही, असा अर्थ काही टेबलांवर निघू लागला. पुढे ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) आणि ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) यांनी कौशल्ये खेळाच्या केंद्रस्थानी आणली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत अठरा कौशल्ये आहेत. वीस बाजूंच्या फाशात पात्राचा आकडा मिळवायचा आणि बेरीज जीएमने ठरवलेल्या अंकाला गाठते का ते पाहायचे. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०.

आता मराठवाड्यातल्या टेबलावर परदेशी तळघर कशाला, देवगिरी घ्यावा. कातळात खोदलेला खंदक, आणि वरच्या किल्ल्याकडे नेणारी वळणावळणाची अंधारी. समजा, दबकत चालण्यात +७ असलेला हेर अंधारीतून वर निघाला आणि जीएमने १५ चा अंक ठरवला. फाशावर ८ किंवा जास्त पडले की काम झाले, म्हणजे शक्यता ६५ टक्के. पण जीएमने चार वळणांवर चार वेळा फासा टाकायला लावला, तर चारही वेळा निभावण्याची शक्यता १८ टक्क्यांवर येते. शीट तेच आणि अंकही तोच, तरी निष्णात हेर जवळजवळ नक्की सापडतो. याउलट +३ वाल्या पाच जणांना चोरवाट शोधण्यासाठी त्याच १५ च्या अंकावर एकेकदा टाकू दिले, तर कुणा एकाला तरी ती सापडण्याची शक्यता ९५ टक्के होते. म्हणून ‘बर्निंग व्हील’ या खेळात एका हेतूसाठी एकदाच फासा, परिस्थिती बदलेपर्यंत तोच निकाल, असा नियमच आहे. तो कुठल्याही खेळात उसना घ्यावा.

दुसरा प्रश्न खेळाडूची हुशारी आणि पात्राचे कौशल्य यांतला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. हाच प्रसंग खेळात आणला तर?

“काय करायलास, सांग.”
“एक पोतं उसवतो अन् चिमूटभर जिभेवर टाकतो.”

इथे फासा मागणे चूक. जीभ पात्रालाही आहेच, मीठ कळणारच. “पोती तपासतो,” एवढेच तो म्हणाला असता तर निरीक्षणाचा फासा रास्त होता. आणि पोती चुकून बदलली की कुणी बदलवली, हे कोठीवाल्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे असेल, तर बोलाचालीनंतर फासा लागतोच.

बोलण्याची कौशल्ये सगळ्यांत त्रासदायक. मोंढ्यात आडत्याशी भावावरून हुज्जत घालायचा प्रसंग आला, की वादविवाद स्पर्धा गाजवलेला खेळाडू स्वतःच्या जिभेवर बाजी मारून नेतो, त्याच्या पात्राचा आकडा कितीही फुटकळ असो. शेजारच्या बुजऱ्या मुलाने मात्र पटवण्यावर सगळे गुण खर्चलेले असतात आणि त्याला तोंड उघडायची संधी मिळत नाही. पात्र कुस्ती खेळते तेव्हा खेळाडूला कुणी जोर काढायला लावत नाही, मग भाषण तेवढे का करायला लावावे? त्यातल्या त्यात बरी वाट अशी: बोलण्याची ऐट मोजू नये, मुद्दा मोजावा. “पटत नसेल तर माल दुसऱ्या आडतीवर घालतो,” हे अडखळत सांगितले तरी १५ चा अंक १० करावा, पण फासा टाकायला लावावाच.

पडद्याआड फासा टाकून निकाल गुपचूप फिरवणे हा विवेकाधिकाराचा सगळ्यांत वादग्रस्त वापर. काहींना तो कथा वाचवण्यासाठी मान्य आहे. पण एकदा ते लक्षात आले, की खेळाडू शीटकडे बघणे सोडून जीएमच्या तोंडाकडे बघू लागतात.

नव्या खेळांनी ही मुभा वेगवेगळ्या ठिकाणी आवळली आहे. ‘गमशू’ पद्धतीच्या रहस्यखेळांत योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी शोध घेत असेल, तर कळीचा धागा फाशाविना मिळतो. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) जीएम फासा टाकतच नाही. खेळाडूच्या सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज पात्राचा आकडा धरून १० किंवा जास्त झाली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि ६ किंवा खाली आली की पुढची चाल जीएमची.