डोळे झाकून केएमटी आणि मिसाईल

कोल्हापुरात रंकाळा स्टँडला केएमटीत, म्हणजे सिटी बसमध्ये बसा आणि डोळे झाका. ब्रेक मारला की अंग पुढं जातं, वळण आलं की शेजारच्यावर कलंडता, तेवढ्यावरनं बस कुठं आली ते ओळखायचं. पहिले एकदोन स्टॉप जमतात, मग पार गंडतं. मी करून बघितलंय, भलत्याच स्टॉपला उतरलो.

मिसाईल कुठं आलं ते सांगणारं आतलं इनर्शियल युनिट पण असंच चालतं. बाहेर बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, म्हणून जीपीएस जॅम केलं तरी ह्याला फरक पडत नाही. आत तीन अ‍ॅक्सेलरोमीटर आणि तीन जायरो, लांबी-रुंदी-उंचीला एकेक. किती वळलो ते जायरो सांगतो. वेग किती बदलला ते अ‍ॅक्सेलरोमीटर सांगतो, त्याची बेरीज करत गेलं की वेग मिळतो, वेगाची परत बेरीज केली की अंतर. १९४४ ला जर्मनीनं लंडनवर सोडलेलं व्ही-२ रॉकेट पण जायरोच्याच जिवावर दिशा धरायचं.

पण खरा घोळ गुरुत्वाकर्षणाचा आहे. टेबलावर गप पडलेला अ‍ॅक्सेलरोमीटर ९.८ मीटर/सेकंद² दाखवतो आणि वरनं सोडला तर पडताना शून्य, उलटंच की सगळं! त्यामुळं गुरुत्वाकर्षण कॉम्प्युटरला आपलं आपण हिशोबात धरावं लागतं आणि त्यासाठी खाली म्हणजे नक्की कुठं, हे जायरोकडनं कळायला लागतं. तिथं नुसती ०.१ अंशाची चूक झाली तर गुरुत्वाकर्षणाचा बारीकसा वाटा आडव्या वेगात मिसळतो आणि दोनदा बेरीज होऊन वाढत जातो. साधा हिशोब केला तर १ मिनिटात ३० मीटर. १० मिनिटांत? ३०० नाही, ३ किलोमीटर, कारण वेळ दहापट झाली की चूक शंभरपट होते.

म्हणून ह्या सेन्सरची टेस्टिंग लई कडक. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात, थंड-गरम करतात, हादरे देतात. चंदिगडच्या टीबीआरएल ह्या संरक्षण खात्याच्या लॅबकडं तर ४ किलोमीटरचा रूळ आहे, त्यावर रॉकेट लावलेली गाडी पळवतात.

मला मात्र सगळ्यात भारी वाटते ती शांत टेस्ट. चांगला जायरो टेबलाला पक्का बोल्ट करून ठेवला तरी तो म्हणतो मी फिरतोय, तासाला १५ अंश, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगानं. फिरत असते पृथ्वी. फोनमधल्या स्वस्त जायरोला ते सहसा पकडता येत नाही, त्याची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते.