पाणी गळणारा कोरडा डोळा

"डोळे कोरडे पडलेत तुमचे," असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मी रुमालाने गाल पुसत होतो. सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या, दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, आणि स्कूटरवर बसलो की धारा. याला कोरडेपणा म्हणायचं?

म्हणायचं. कारण बिघाड बहुतेक वेळा पाण्यात नसतो, तेलात असतो.

बुबुळावर अश्रूंचा जो थर असतो तो जेमतेम ३ मायक्रोमीटरचा, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका. त्याच्यावर तेलाचा आणखी पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा नसेल तर खालचं पाणी बघता बघता उडून जातं. बुबुळ उघडं पडतं, तिथल्या नसा बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडते. तेलाविना ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळतं. डोळा पुन्हा कोरडाच.

तेल येतं पापण्यांतून. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत पंचवीसेक उभ्या ग्रंथी असतात आणि त्यांची तोंडं केसांच्या आतल्या बाजूला, पापणीच्या कडेवर उघडतात. हाइन्रिक माइबोम या जर्मन वैद्यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. प्रत्येक उघडझापीला त्या किंचित दाबल्या जातात आणि तेल बाहेर येतं. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. स्क्रीनसमोर हा आकडा निम्म्याच्याही खाली जातो आणि अनेकदा पापणी पुरती मिटतही नाही.

डॉक्टरांनी माझी खालची पापणी हलकेच दाबली आणि आरशात दाखवली. कडेवर तेलाचे स्वच्छ थेंब यायला हवे होते. आला पांढुरका, टूथपेस्टसारखा घट्ट ऐवज. डिसेंबरात साजूक तुपाचं होतं तेच. निरोगी तेल पापणीच्या उबेत पातळ राहतं, बिघडलेल्या तेलाला वितळायला जास्त उष्णता लागते. ते थिजून तोंडं बुजवतं, कडा सुजून लाल होतात, जंतूंचं फावतं. एखादी ग्रंथी तुंबून फुगली की गाठ येते, तिला घरोघरी रांजणवाडीच म्हणतात. वर्षानुवर्षं तुंबलेली ग्रंथी आक्रसून जाते, आणि गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही.

म्हणून उपचाराचा कणा म्हणजे शेक. इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल एक-दोन मिनिटांत कोमट होतो आणि तूप तसंच राहतं. पापणीच्या आतपर्यंत साधारण ४० अंशांची ऊब पाच-दहा मिनिटं टिकायला हवी. मी चार छोटे ओले नॅपकिन गरम करून पोळ्यांच्या डब्यात झाकून ठेवतो आणि दर दोन मिनिटांनी बदलतो. आधी मनगटावर लावून बघायचं. पापणीची कातडी फार नाजूक असते. मग मिटल्या डोळ्यावर बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेने हलकेच निपटायची. शेवटी केसांच्या मुळांशी जमलेला कोंडा पापण्यांसाठी मिळणाऱ्या वाइप्सने पुसायचा. मुळांभोवती गळपट्ट्यासारखी खपली दिसली तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याची शंका घेतात. त्यावर लोटिलानर नावाच्या थेंबांना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

कृत्रिम अश्रूंचे थेंब हवेतच. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर टिकाऊपणाची रसायनं नसलेले घ्यावेत, कारण त्यांतलं नेहमीचं रसायन, बेन्झाल्कोनियम क्लोराइड, स्वतःच बुबुळाला चुरचुरवतं. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात, थेंब सुटले की लाली दुपटीने. आणि औषधाच्या दुकानातून मनानेच स्टिरॉइडचे थेंब आणणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. आराम झटपट पडतो, पण डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काजळाचंही सांगायला हवं: पापणीच्या आतल्या कडेवर ओढलेली रेघ नेमकी ग्रंथींच्या तोंडांवर बसते.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बराच बोलबाला झाला होता. २०१८ मध्ये ५३५ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना बरं वाटलं. ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही जवळपास तितकंच. मी गोळ्या थांबवल्या.

कोरड्या डोळ्यांसोबत तोंड कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर मात्र शोग्रेन या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याच्या आजाराची तपासणी करावी लागते. उजेड सहन होईना, डोळा ठणकू लागला किंवा नजर धूसर झाली तर शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डोळ्यात पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा किंवा जास्त आले तर उत्तम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार आले होते, परवा आठ आले. जानेवारीत तो आकडा पुन्हा घसरणार, हे मी दोन हिवाळे बघितलंय.