आयकराचा फॉर्म आयकर भवनात मिळत नाही

जुलै आला की नागपुरात हा सल्ला हमखास मिळतो: सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनातून फॉर्म आणा, भरा, खिडकीवर शिक्का मारून घ्या. कधीकाळी हे खरं होतं. आता रिटर्न, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचं विवरणपत्र, आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरच भरायचं. कागदी रिटर्नची मुभा फक्त 80 किंवा त्याहून जास्त वयाच्यांना, तीही आयटीआर-1 आणि आयटीआर-4 या दोन फॉर्मपुरतीच. झेरॉक्सच्या दुकानातून पैसे देऊन फॉर्म घेण्याचं तर काही कारणच नाही. पोर्टलवर तो फुकट आहे.

पॅन टाकून लॉगिन केलं की पगार, व्याज, टीडीएस (आधीच कापलेला कर) असं बरंच काही आधीच भरलेलं दिसतं. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, वार्षिक माहितीपत्रकाशी (एआयएस, म्हणजे विभागाकडे असलेली तुमच्या व्यवहारांची नोंद) ताळा करा. बचत खात्याचं किरकोळ व्याज हमखास सुटतं.

खरी गोची पुढे आहे. ‘सबमिट’ दाबलं म्हणजे काम झालं, असं वाटतं. पण 30 दिवसांत पडताळणी केली नाही, तर रिटर्न पडताळणीच्या दिवशी भरलं असं धरलं जातं, आणि पडताळणी केलीच नाही तर ते ग्राह्यच धरलं जात नाही. पडताळणीसाठी लागणारा आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद असेल तर नेट बँकिंगनं करा. तेही नसेल तर आयटीआर-व्हीची (रिटर्न भरल्याची पोच) सही केलेली प्रत स्पीड पोस्टानं आयकर विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राला पाठवा, नागपूरच्या कार्यालयात नव्हे. अडलंच तर मदतीचा टोल-फ्री नंबर: 1800 103 0025.