काचेआडचं चित्रही विटतं

‘फ्रेमला काच लावली की रंग उडत नाही,’ हे सोलापुरात घरोघरी ऐकू येतं. साफ चूक! साधी काच धूळ अडवते, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्ही-बी बरीचशी थोपवते; पण यूव्ही-ए आणि उजेड आरपार जातो. रंग विटवतात ते हेच.

आमच्या हॉलमधलं हातमागाचं वॉल हँगिंग पश्चिमेच्या खिडकीसमोर, काचेत होतं. परवा उतरवलं, तर मागची बाजू कुंकवासारखी लाल, पुढची विटकरी. (आणि आम्ही दर दिवाळीला काच पुसत होतो!) आता ते आतल्या खोलीत, ऊन न येणाऱ्या भिंतीवर आहे.

स्वयंपाकघरात मात्र कापड नकोच, फोडणीचा धूर सुतात मुरतो. तिथं पुसता येणारी रंगीत टाइल बरी.