फिलाडेल्फिया-पॉझिटिव्ह बालरक्तकर्करोग : रोपणाच्या वादाची पार्श्वभूमी

इमॅटिनिब हे औषध आल्यावरही या मुलांना अस्थिमज्जा रोपण हवेच का, हा वाद आहे. मुलांच्या एएलएलमध्ये (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्तकर्करोग) फिलाडेल्फिया गुणसूत्र 3 ते 5 टक्के रुग्णांत सापडते. ते 1960 साली दिसले. ते ज्यातून बनते ती 9 आणि 22 या गुणसूत्रांतल्या तुकड्यांची अदलाबदल 1973 मध्ये उलगडली. तिच्यातून तयार होणारे बीसीआर-एबीएल कायनेज (पेशीला वाढीचा संकेत देणारे विकर) कधी बंदच होत नाही आणि रास, पीआय3के, स्टॅट5 या मार्गांनी पेशीला सतत वाढायला लावते. इमॅटिनिब त्याची एटीपी (पेशीतला ऊर्जारेणू) बसण्याची जागा अडवते. 2001 मध्ये हे औषध आले, पण सीएमएल या दुसऱ्या, संथ वाढणाऱ्या रक्तकर्करोगासाठी.

तोवर नुसत्या केमोवर तीन वर्षे आजार न उलटता जगणारी मुले जेमतेम 35 टक्के असत. त्यामुळे ऊतींचा मेळ बसणारे भावंड मिळाले की अस्थिमज्जा रोपण, हे ठरलेलेच. 2002 साली सुरू झालेल्या अमेरिकी चाचणीत केमोसोबत इमॅटिनिब रोज प्रति चौरस मीटर 340 मिलिग्रॅम दिले आणि गटागटाने दिवस वाढवले. शेवटच्या गटाला मेंटेनन्सपूर्वी (उपचाराच्या शेवटच्या, लांब टप्प्याआधी) सलग 280 दिवस औषध मिळाले. त्यात तीन वर्षांचा आकडा 80 टक्क्यांवर गेला. पाच वर्षांनी केमो-इमॅटिनिबवर 70 टक्के, भावंडाच्या रोपणानंतर 65 टक्के.

रोपण न झालेली मुले फक्त 28 होती आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण वंध्यत्व, खुंटलेली वाढ आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला) पदरात घालणाऱ्या उपचाराने आपला फायदा स्वतः सिद्ध करायला हवा. युरोपात 2010 पासून उपचाराच्या पंधराव्या दिवसापासून सलग इमॅटिनिब सुरू झाले, रोपणे सुमारे 80 वरून 40 टक्क्यांखाली आली, तरी जगण्याचे प्रमाण घसरले नाही. तिथे छळले ते गंभीर संसर्गाने. केमोच फार जड होती. पुढच्या अमेरिका-युरोप संयुक्त चाचणीत इंडक्शननंतर (उपचाराच्या पहिल्या टप्प्यानंतर) एमआरडी, म्हणजे उरलेल्या कर्करोगपेशींचे प्रमाण, 0.05 टक्क्यांखाली असलेल्यांना रोपणाऐवजी इमॅटिनिबसह कमी-जास्त तीव्रतेच्या केमोत विभागले.

इमॅटिनिब मेंदूपर्यंत फारसे पोचत नाही, त्याच प्रकारचे नंतरचे औषध डॅसॅटिनिब पोचते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत डोक्याला प्रतिबंधक किरणोपचार न देता डॅसॅटिनिबवर (रोज प्रति चौरस मीटर 80 मिलिग्रॅम) चार वर्षांचा आकडा 71 टक्के आला, इमॅटिनिबवर (तसेच 300 मिलिग्रॅम) 49. कायनेजमध्ये टी315आय हा जनुकीय बदल झाला की मात्र दोन्ही निकामी ठरतात. व्होरिकोनॅझोलसारखी बुरशीरोधके या औषधांची रक्तातली पातळी चढवतात. ओमेप्राझोल या आम्लता कमी करणाऱ्या औषधाने डॅसॅटिनिब नीट शोषलेच जात नाही.